नाना चालतात, जेवतात; मग मानेचं ऑपरेशन कशासाठी?

केज तालुक्यातल्या एका गावातून मुलानं विचारलंय. वडिलांचं वय ६८, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे ओसरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि ते तोंडावर पडले. कपाळाला खोक पडली, चार टाके घातले. मान दुखत होती, पण एक्स-रेत काही दिसलं नाही. लचक भरली असेल म्हणून दोनदा तेल लावून चोळून घेतली. दुखणं हटेना म्हणून सीटी स्कॅन केला, तर रिपोर्टमध्ये आलं: ‘सी-टू ओडोन्टॉइड फ्रॅक्चर, टाइप टू, चार मिलिमीटर मागे सरकलेलं’. छत्रपती संभाजीनगरच्या सर्जननी ऑपरेशन सांगितलंय. भावकीचं म्हणणं, “नाना बोलायलेत, खायलेत, रानात चक्कर मारून यायलेत, अन् मानेवर सुरी कशाला चालवायची?” मुलाचे प्रश्न तीन: हे हाड नेमकं कोणतं, ते पट्ट्यानं जुळणार नाही का, आणि ऑपरेशन केलंच नाही तर काय होईल.

उत्तराआधी एक काम आजच करा. नानांची रानातली चक्कर बंद, चोळणं कायमचं बंद. मेडिकलमधला मऊ फोमचा पट्टा बांधला असेल तर तो पुरेसा नाही. त्यानं मान ऊबदार राहते, स्थिर राहत नाही. हनुवटीला आणि डोक्याच्या मागच्या भागाला खालून आधार देणारा, दोन भागांचा कडक कॉलर लागतो. फिलाडेल्फिया कॉलर म्हणून मागितला की मिळतो. तो झोपेतसुद्धा काढायचा नाही. दाढी किंवा अंग पुसण्यासाठी पुढचा भाग काढावाच लागला, तर नानांना पाठीवर सपाट झोपवून, डोकं दुसऱ्यानं दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलेलं असतानाच काढायचा. एवढं झालं की पुढचं वाचा आणि भावकीतल्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा.

मानेत सात मणके असतात. माणसाच्या मानेत सात आणि जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच. तिसऱ्यापासून खालचे मणके थोड्याफार फरकानं एकसारखे: पुढे भरीव धड, मागे कमान, कमानीच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारा नसांचा जाड दोर. वरचे दोन मात्र वेगळे घडलेत. पहिल्याला धडच नाही. तो नुसतं हाडाचं कडं आहे आणि त्या कड्यावर आपली कवटी बसते. त्याचं नाव ॲटलस. दुसऱ्या मणक्याच्या धडातून वरच्या बाजूला एक सुळका निघतो, उंचीला साधारण दीड सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या शेवटच्या पेराहून लहानच. तो सुळका पहिल्या मणक्याच्या कड्यात खालून वर शिरलेला असतो. हा दुसरा मणका म्हणजे ॲक्सिस, रिपोर्टमधला सी-टू. सुळक्याचा आकार दातासारखा, म्हणून त्याला ओडोन्टॉइड म्हणतात. तुमच्या नानांचा मोडलाय तो हाच सुळका, बुडापाशी.

गर्भात ही हाडं तयार होत असताना तो सुळका खरं तर पहिल्या मणक्याच्या वाट्याचं धड असतो. वाढीच्या काळात ते धड आपल्या कड्यापासून सुटतं आणि खालच्या मणक्याला चिकटतं. लहान मुलांत तिथे कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, सांधा असतो, तो साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान भरून येतो. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत तिथे आडवी रेघ दिसली म्हणजे हाड मोडलंच असं नसतं. मोठ्या माणसात ती रेघ असायलाच नको.

हे काम कसं चालतं ते ज्यांच्या घरी अजून जातं आहे त्यांना लगेच कळेल. खालच्या तळीच्या मधोमध एक उभा खिळा असतो आणि वरची तळी त्याभोवती फिरते. हाताने धरायचा खुंटा नव्हे, मधला खिळा. दुसरा मणका ही खालची तळी, सुळका हा खिळा, पहिला मणका ही वरची तळी, आणि तिच्यावर डोकं. मान हलवून आपण ‘हो’ म्हणतो ते कवटी आणि पहिल्या मणक्याच्या सांध्यात. ‘नाही’ म्हणतो ते पहिल्या आणि दुसऱ्याच्या सांध्यात. मान डावी-उजवीकडे जितकी वळते त्यातलं जवळजवळ अर्धं वळण या एकाच सांध्यात होतं. हे पुढे ऑपरेशनच्या वेळी कामाला येईल, म्हणून लक्षात ठेवा.

जात्याची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, आणि सगळा धोका तिथेच आहे. जात्याचा खिळा मधोमध असतो, हा सुळका कड्याच्या पुढच्या भागात असतो. त्याच कड्यातून, त्याच्या मागून, मज्जारज्जू खाली उतरतो. दोघांच्या मधे एक आडवा, मजबूत अस्थिबंध असतो, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. तो सुळक्याला पुढच्या हाडाशी बांधून ठेवतो आणि रज्जूवर जाऊ देत नाही. सुळक्याच्या टोकाकडून आणखी दोन अस्थिबंध कवटीकडे जातात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. बैलाला दोन बाजूंचे कासरे जसे आवरतात तसे ते डोक्याला मर्यादेबाहेर वळू देत नाहीत.

आता त्या कड्याच्या आतली जागा. पुढून मागे मोजलं तर ती साधारण तीन सेंटिमीटर भरते. स्टील नावाच्या अमेरिकन सर्जननी १९६८ मध्ये तिचा सोपा हिशेब मांडला, तो आम्ही आजही विद्यार्थ्यांना सांगतो: एक तृतीयांश जागा सुळक्याची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि एक तृतीयांश मोकळी. मानेच्या खालच्या भागात एवढी मोकळी जागा कुठेच नाही. पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी हाड थोडं जरी मागे सरकलं तरी रज्जू चेपतो आणि हातपाय जातात. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या विहिरीत डोक्यावर उडी घेतलेली पोरं आमच्याकडे येतात, त्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

सुळका चार मिलिमीटर मागे सरकला तरी नाना चालतायत ते या मोकळ्या जागेमुळे. नानांना वाचवलं तेही तिनंच, आणि भावकीची फसगतही तीच करतेय. सगळं नीट असल्यामुळे ते चालत नाहीयेत. रज्जूच्या मागे काही मिलिमीटर जागा अजून शिल्लक आहे म्हणून चालतायत.

आणखी एक गोष्ट मी नातेवाइकांना नेहमी सांगतो. श्वासाचा पडदा हलवणारी नस मानेतल्या मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीतून निघते. दुसऱ्या मणक्यापाशी रज्जूला जबर मार बसला, तर मेंदूकडून त्या नसेला निरोपच पोचत नाही आणि श्वास जागच्या जागी थांबतो. असा माणूस बहुतेक वेळा दवाखान्यापर्यंत येत नाही. आमच्यापर्यंत येतात ते बहुतेक चालत-बोलतच येतात. म्हणून या हाडाच्या बाबतीत ‘पेशंट चालतोय’ या गोष्टीला मी काहीही किंमत देत नाही.

एक खूण मात्र मी फार मानतो. काही पेशंट स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी धरून खोलीत येतात. झोपलेले असले तर उठताना आधी डोकं हातात उचलतात, मग अंग. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. वरच्या दोन मणक्यांचा सांधा ढिला झाल्याचं शरीर त्यांना सांगत असतं. क्षयानं तो सांधा पोखरला असेल तरी माणूस असंच करतो. नाना उठताना असं करतात का ते बघा, आणि करत असतील तर सर्जनना जरूर सांगा.

एक्स-रेत का दिसलं नाही, यावर कुणाशी भांडायला जाऊ नका. हा सुळका बाजूच्या फोटोत कानामागच्या हाडाच्या सावलीत लपतो आणि समोरच्या फोटोत जबडा व दात त्याच्यावर येतात. तो बघायला तोंड पूर्ण उघडायला लावून वेगळा फोटो काढावा लागतो, आणि मान दुखणाऱ्या माणसाला तोंड उघडता येतच नाही. त्यात म्हातारपणी हाड विरळ झालेलं, रेघ ठळक उठत नाही. म्हणून माझा स्वतःचा नियम असा: वय ६५ च्या पुढे, पडण्याचा इतिहास आणि मान दुखतेय, एवढं असलं की साध्या एक्स-रेवर थांबायचं नाही, सीटी करायचा. कपाळाला किंवा तोंडाला जखम असेल तर नक्कीच. तोंडावर पडताना डोकं मागे झटकतं आणि सुळका बुडाशी मोडून मागे जातो. नानांच्या कपाळावरचे टाके हीच गोष्ट सांगत होते. सत्तरीच्या पुढे मानेत सगळ्यात जास्त वेळा मोडणारं हाड हेच आहे, आणि त्यासाठी झाडावरून पडावं लागत नाही. बाथरूम, ओसरी, बाजेचा पाय एवढं पुरतं.

आता ‘टाइप टू’चा अर्थ. १९७४ मध्ये अँडरसन आणि डी’अलोन्झो या दोघांनी केलेली विभागणी आजही चालते. टाइप वनमध्ये सुळक्याचं फक्त टोक तुटतं. हे दुर्मीळ आहे. टाइप थ्रीमध्ये भेग खाली मणक्याच्या धडात उतरते. तिथलं हाड स्पंजसारखं, रक्त भरपूर, दोन तुकड्यांची भेट रुंद. ते बहुतेक वेळा कॉलरमध्ये जुळून येतं. टाइप टू म्हणजे सुळका बुडापाशी, जिथे तो सगळ्यात बारीक असतो तिथे, आडवा तुटणं. हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि जुळायला सगळ्यात हट्टी प्रकार. तुकड्यांची एकमेकांवर टेकणारी जागा अगदी लहान, आतलं स्पंजासारखं हाड कमी, पुढे-मागे सांध्यातला ओलावा, आणि डोकं हललं की वरचा तुकडा त्याच्याबरोबर हलतो. हाताचं हाड मोडलं तर प्लास्टरमध्ये ते खरोखर स्थिर राहतं. इथे प्लास्टर घालायला जागाच नाही. कितीही चांगला कॉलर लावला तरी घास गिळताना, खोकताना थोडी हालचाल होतेच.

न जुळण्याची शक्यता कशानं वाढते तेही बघा. वय पन्नाशीच्या पुढे असणं, तुकडा पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त सरकणं, तो मागे सरकणं, दहा अंशांहून जास्त कलणं, इलाजाला उशीर, विडी-तंबाखू. नानांच्या बाबतीत वय आहे, मागे सरकणं आहे, तीन आठवड्यांचा उशीर आहे आणि दोनदा चोळणं झालंय. तंबाखूचं तुम्ही लिहिलं नाही; खात असतील तर आजपासून बंद करा. हाड जुळण्यात निकोटीन आडवं येतं आणि हे ऑपरेशन केल्यावरही तितकंच लागू आहे.

“न जुळलं तर न जुळू द्या, पट्टा बांधून राहतील,” असं भावकीतलं कुणीतरी म्हणेलच. अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. बीड जिल्ह्यातलाच ऊसतोड कामगार, वय पन्नाशीच्या आत. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय निसटला, तो मोळीसकट खाली आला. दोन आठवडे मान धरली, मग सुटली. हंगाम बुडू नये म्हणून कोयता पुन्हा हातात घेतला. आठ-नऊ महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा मान दुखत नव्हती. तक्रार वेगळीच होती: भाकरी मोडताना बोटं ऐकत नाहीत, सदऱ्याची गुंडी लागत नाही, आणि चालताना पायातली चप्पल निसटते तरी कळत नाही. तपासलं तर सुळका जुळलेलाच नव्हता. प्रत्येक हालचालीला तो थोडा मागे जाऊन रज्जूला घासत होता. ती मोकळी तृतीयांश जागा हळूहळू संपली होती. ऑपरेशन केलं, पुढची घसरण थांबली, पण बोटांची गेलेली कला पूर्ण परत आली नाही. रज्जूचं नुकसान एकदा मुरलं की ते मागे फिरवता येत नाही. पहिल्या पंधरवड्यात कुणीतरी सीटी करायला हवा होता, हे मला आजही खुपतं.

म्हणून नानांवर लक्ष ठेवायचं ते दुखण्यावर नाही, या बारीक गोष्टींवर: हाताला मुंग्या, वस्तू हातातून पडणं, धोतराची गाठ मारताना अडखळणं, चालताना तोल जाणं, मान पुढे घेतली की पाठीतून झटका उतरणं, लघवीला वेळ लागणं. यातलं एकही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि श्वासाला त्रास झाला किंवा हातपाय ढिले पडले तर १०८ ला फोन. खासगी जीपमध्ये बसवून न्यायचं नाही.

आता इलाजाचे रस्ते. पहिला, कडक कॉलर, किमान १२ आठवडे, दर काही आठवड्यांनी तपासणी. दुसरा, हॅलो: कवटीत चार पिना बसवून डोक्याभोवती कडं आणि ते छातीच्या जाकिटाला जोडलेलं. तरुणांत तो उत्तम काम करतो. साठीच्या पुढे मी तो शक्यतो टाळतो. गिळायला त्रास, छातीत कफ, पुन्हा पडणं, हे सगळं हॅलोमध्ये वाढतं. तिसरा, पुढून, गळ्याच्या बाजूने एक लांब स्क्रू खालून वर सुळक्यात घालणं. याचा मोठा फायदा म्हणजे मानेचं वळण शाबूत राहतं. पण त्यासाठी फ्रॅक्चर ताजं हवं, भेगेची दिशा योग्य हवी, तो आडवा अस्थिबंध धड हवा आणि हाड स्क्रू धरण्याइतकं घट्ट हवं. विरळ हाडात स्क्रू लोण्यात घातल्यासारखा सुटतो. ६८ व्या वर्षी मी या वाटेला सहसा जात नाही.

चौथा रस्ता म्हणजे मागून पहिला आणि दुसरा मणका स्क्रूंनी एकमेकांशी जखडणं. तुमच्या सर्जननी बहुधा हाच सांगितला असेल. पूर्वी हे काम तारा गुंडाळून करायचे. पहिल्या मणक्याच्या बाजूच्या भागात आणि दुसऱ्या मणक्यात थेट स्क्रू बसवून ते पट्टीनं जोडण्याची पद्धत मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी रूढ केली. त्यांचा शोधनिबंध १९९४ चा. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि दांडी वापरली, आणि आज जगभर ही पद्धत गोयल-हार्म्स नावानं ओळखली जाते. आपल्याच राज्यातल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात हे काम उभं राहिलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. हे सगळं ‘बाहेरचं’ आहे, आपल्याकडे प्रयोग करतील, अशी भीती घालणारे घरोघरी असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

या ऑपरेशननं सांधा पक्का होतो आणि जुळण्याचं प्रमाण खूप चांगलं आहे. किंमत काय, तर वर सांगितलेलं अर्धं वळण कायमचं जातं. मोटारसायकलवर मागे वळून बघता येणार नाही, खांद्यासकट वळावं लागेल. जेवण, चालणं, पूजा, रानात हिंडणं यात फारसा फरक पडत नाही. या वयात खालच्या सांध्यांच्या झिजेमुळे मान आधीच कमी वळत असते, त्यामुळे बऱ्याच जणांना गमावलेलं वळण वाटतं त्याहून कमी जाणवतं.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. मेंदूला मागून रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर चढतात आणि नेमक्या दुसऱ्या मणक्यापाशी बाहेरच्या बाजूला वळण घेतात. स्क्रूची वाट त्यांच्या अगदी शेजारून जाते. काही माणसांत ती धमनी हाडात जास्त वर आणि आत शिरलेली असते. तिथे स्क्रूची जागा बदलावी लागते. म्हणून ऑपरेशनआधी धमन्यांचा सीटी, ज्याला सीटी ॲन्जिओ म्हणतात, झालाय का हे सर्जनना विचारा. रज्जू आणि तो आडवा अस्थिबंध बघण्यासाठी एमआरआय झालाय का तेही विचारा. असं विचारलं म्हणून चांगला सर्जन रागावत नाही. बाकी धोके भूल, हृदय, साखर, जखमेतला जंतुसंसर्ग यांचे. शिवाय दुसऱ्या मणक्यापाशी निघणारी एक नस डोक्याच्या मागच्या भागाला जाते. ऑपरेशननंतर तिथे काही महिने बधिरपणा किंवा मुंग्या राहू शकतात. त्याला घाबरायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर नाना ६८ चे आहेत, हिंडते-फिरते आहेत, पुढे बरीच वर्षं आहेत. हृदय आणि छाती भूल सोसण्यासारखी असेल तर मी मागून जखडण्याच्या बाजूनं आहे, आणि लवकर. हेच नाना ८८ चे असते, अंथरुणाला खिळलेले, श्वासाचे पेशंट, तर मी कॉलरवर ठेवलं असतं. त्या वयात सुळका हाडानं नाही जुळला, तरी दाट तंतूंनी धरला गेला आणि हलत नसला की आम्ही समाधान मानतो. म्हणजे कॉलर हा मूर्खपणाचा सल्ला नाही. तो वेगळ्या माणसासाठीचा सल्ला आहे. तुमच्या सर्जननी नानांना प्रत्यक्ष बघितलंय, फिल्म हातात घेतलीय. शेवटचा शब्द त्यांचाच.

याच मणक्याचं आणखी एक फ्रॅक्चर आहे, ज्याच्या नावानं लोक हबकतात: हँगमन्स फ्रॅक्चर, म्हणजे फाशी देणाऱ्याच्या नावाचं. जुन्या काळी न्यायालयीन फाशीत दुसऱ्या मणक्याचा मागचा भाग दोन्ही बाजूंनी तुटल्याचं दिसलं, म्हणून हे नाव पडलं. आज ते गाडीच्या अपघातात दिसतं आणि सुळक्याच्या फ्रॅक्चरपेक्षा बहुतेक वेळा सौम्य असतं, कारण तुटल्यावर पोकळी अरुंद होण्याऐवजी रुंद होते. त्यातली बरीच कॉलरमध्ये जुळतात. रिपोर्टमध्ये हा शब्द वाचून कुणी रडायला लागलं तर एवढं सांगा.

मालिश करणाऱ्यांबद्दल मी गप्प बसू शकत नाही. कटिंग झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय आपल्याकडे गावोगाव आहे. वर सांगितलेली धमनी या झटक्यात आतून चिरू शकते आणि त्यातून मेंदूचा झटका येऊ शकतो, अगदी तरुण माणसालाही. तो आवाज म्हणजे मान मोकळी झाल्याची पावती नव्हे. संधिवाताच्या पेशंटनी, म्हणजे ज्यांची बोटं सकाळी ताठ असतात त्यांनी, तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नये. त्या आजारात सुळक्याला बांधणारा आडवा अस्थिबंधच ढिला होतो. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांतही तो जन्मतः सैल असतो. त्यांना कोलांटउड्या शिकवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि घशाच्या आजारानंतर एखाद्या लेकराची मान अचानक वाकडी राहिली, तर ती दृष्ट किंवा लचक समजून चोळू नका. त्या दोन मणक्यांचा सांधा सरकलेला असू शकतो, आणि लवकर आणलं तर तो साध्या उपायांनी जागेवर येतो.

नाना पडलेच का, हेही सर्जनइतकंच तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारायचंय. पहाटे पडले, म्हणजे लघवीला उठले असतील. मोतीबिंदू आहे का, रक्तदाबाची गोळी जोराची होतेय का, साखर उतरते का, उठल्या उठल्या चक्कर येते का. हे शोधलं नाही तर सहा महिन्यांनी खुब्याचं हाड मोडून पुन्हा येतील. हाडांची घनता, डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही तपासून घ्या. ओसरीला हाताशी धरायला एक दांडी बसवा आणि रात्री दिवा राहू द्या.

प्रवासाचं असं करा. नानांना कॉलर लावून पाठीवर सपाट झोपवून न्या. कुशीवर वळवायचं झालं तर चार माणसं लागतात: एक फक्त डोक्याला, तीन अंगाला, आणि वळवण्याचा इशारा डोकं धरणाराच देणार, म्हणजे डोकं आणि धड एका लाकडासारखं एकदम वळेल. डोक्याखाली जाड उशी नको. केजपासून संभाजीनगर लांब पडतं, वाटेत खड्डे लागतात. ड्रायव्हरला आधीच सांगा की वेळ लागला तरी चालेल. खर्चाची काळजी असेल तर दवाखान्यात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. सीटीचा नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. सुळका कुठल्या दिशेनं तुटलाय आणि धमनी कुठून गेलीय हे सर्जनना त्या सीडीवर स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं.